'इमेजेस अँड वर्ड्स' ऐकताना जोर आणि सूर एकत्र कुठे पकडायचे?

पांढरी_तीन (सोलापूर):

नमस्कार मंडळी. ड्रीम थिएटर या मेटल बँडचा १९९२ चा अल्बम 'इमेजेस अँड वर्ड्स' ऐकायला घेतलाय. कान हार्मोनियम-तबल्यावर तयार झालेला आहे, मेटल फारसं ऐकलेलं नाही, म्हणून जाणकारांना विचारतो.

आधी साधी शंका. 'पुल मी अंडर' सव्वाआठ मिनिटांनी गाता गाताच कापल्यासारखं थांबतं. फाइल खराब आहे का?

खरी अडचण पुढची आहे. सगळे म्हणतात की या अल्बममध्ये जोर आणि गोडवा एकत्र नांदतात. मला मात्र जोराचा भाग आला की सूर सापडत नाही, नुसता आवाजाचा लोंढा कानावर येतो. आणि सुरेल भाग येतो तेव्हा जोर संपलेला असतो. म्हणजे दोन्ही गोष्टी आळीपाळीने येतात असं वाटतं. एकत्र असतील तर नेमक्या कोणत्या वाद्यात, कोणत्या जागी ऐकायच्या? शिवाय मात्रा मोजायला बसलं की सम निसटते. मोजायला सुरुवात कुठल्या गाण्यापासून करावी?

ऐकणं होतं ते हातात मावणाऱ्या एका ब्लूटूथ स्पीकरवर. खोली स्लॅबची, खाली फरशी, वर पंखा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पंखा बंद करून गाणी ऐका असं कृपया कोणी सांगू नका.

---

सातरस्ता_स्टिरिओ:

फाइल ठणठणीत आहे. 'पुल मी अंडर'चा शेवट मुद्दाम तसाच कापलेला आहे. गाणं मृत्यूकडे ओढलं जाण्याबद्दल आहे, शब्द कीबोर्डवादक केव्हिन मूरचे आणि त्यामागे हॅम्लेटची सावली, त्यामुळे तो तुटलेला शेवट अर्थाला धरून आहे. पण एक तपासा. अ‍ॅपमध्ये क्रॉसफेड चालू असेल तर तो आधी बंद करा. क्रॉसफेडमुळे शेवटचे काही सेकंद हळूहळू विरतात, त्यावर 'अनदर डे'ची सुरुवात चढते आणि कापलेला शेवट ऐकूच येत नाही. शफलही बंद. या अल्बमचा क्रम मोडला तर शेवटच्या दोन गाण्यांचा धागाच तुटतो, त्यावर कोणीतरी पुढे लिहीलच.

आता स्पीकर. तुमची निम्मी तक्रार तिथेच आहे. साध्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सर्वात खालची तार म्हणजे तुमच्याच नावातली पांढरी तीन (पेटीची तिसरी पांढरी पट्टी, इंग्रजीत ई), सुमारे ८२ हर्ट्झ. बेसची तीच तार एक सप्तक खाली, ४१ हर्ट्झ. हातात मावणारा स्पीकर १०० हर्ट्झच्या खाली जवळपास काहीच देत नाही. मूळ स्वर गायब आणि त्याचे वरचे उपस्वर तेवढे शिल्लक, म्हणून जड भाग भरीव न वाटता कर्कश वाटतो. दुसरं म्हणजे मेटलमध्ये रिदम गिटार सहसा दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवतात. मधली जागा आवाज, बेस आणि ड्रमसाठी मोकळी राहावी हा हेतू. एकाच स्पीकरवर डावं-उजवं एकत्र मिसळलं की गिटारी मधोमध येऊन बसतात आणि कीबोर्ड त्यांच्याखाली दबतो. तुम्हाला सूर सापडत नाही याचं हे अगदी सरळ कारण आहे.

उपाय महाग नाही. तारेचे, कानात नीट बसणारे इअरफोन घ्या. सोबत तीन मापांची रबरी टोकं येतात. प्रत्येक जोडी लावून बेस ऐका, ज्या मापाला बेस अचानक भरून येतो ते तुमचं माप. टोक सैल असेल तर कितीही भारी इअरफोन पातळच वाजणार. टोक नीट बसलं की पंख्याचा घोंघाटही बराच कमी होतो, आणि पूर्व भागात राहात असाल तर शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाटसुद्धा. 'वेट फॉर स्लीप'सारखं अडीच मिनिटांचं पियानो आणि आवाजाचं गाणं पंख्याखाली स्पीकरवर ऐकणं म्हणजे त्याचा अर्धा भाग सोडून देणं.

इक्वलायझरमध्ये बेसची पट्टी वर ढकलू नका. ३०० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा, गढूळपणा जातो. ३ किलोहर्ट्झजवळ कान दुखत असतील तर तिथे दोन डेसिबल कमी. याहून जास्त छेडछाड नको. १९९२ ची सीडी आजच्या रेकॉर्डिंगपेक्षा हळू आवाजात कापलेली आहे. मंद आणि जोरदार भागांतलं अंतर तिच्यात मोठं आहे, म्हणून आवाज थोडा चढवूनच ऐका आणि गाण्याच्या मधे कमी-जास्त करत बसू नका.

मोठे स्पीकर लावायची वेळ आली तर भिंतीवर नुसती सोलापुरी चादर टांगून भागणार नाही. एक पदरी सुती चादर फक्त टोकदार आवाज थोडा शोषते, खालचा घुमारा तसाच राहतो. कापसाची गादी कोपऱ्यात उभी करा, फरक लगेच कळतो. चादरच लावायची असेल तर दुहेरी, चुण्या घालून, भिंतीपासून चार-पाच इंच पुढे.

---

पूर्वभाग_बेस:

स्पीकर-इअरफोनचं वर आलंच आहे. मी मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण तो फार चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर हार्मोनियमवाल्याला पटकन कळेल.

हार्मोनियमवर सा आणि प एकत्र दाबा. मग सा-ग-प दाबा. दुसरं गोड लागतं. आता हेच इलेक्ट्रिक गिटारवर भरपूर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडून जाड करणं) लावून करा. सा-प एकदम पहाडासारखं उभं राहतं आणि सा-ग-प चा चिखल होतो. कारण असं की डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी असे नवे स्वर तयार होतात. पांढरी तीन ८२ आणि तिचा पंचम १२३ धरला तर वजाबाकी येते ४१, म्हणजे तोच षड्ज एक सप्तक खाली. फुकटात एक खर्ज मिळाला. गंधार घातला की वजाबाकीतून असे स्वर येतात जे कोणाशीच नीट जुळत नाहीत. कारण आजच्या समान-अंतर ट्यूनिंगमधला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. साध्या आवाजात ते खपून जातं, डिस्टॉर्शनमध्ये कानाला टोचतं.

म्हणून जड गिटार सा-प एवढंच वाजवते. गाणं आनंदी की उदास हे ठरवणारा ग तिच्याकडे नसतोच. मग तो कुठे असतो? या अल्बममध्ये तो केव्हिन मूरच्या कीबोर्डकडे आणि जेम्स लाब्रीच्या गळ्यात आहे. जोर आणि सूर एकत्र कुठे, याचं माझ्या मते हेच उत्तर: दोन्ही एकाच क्षणी आहेत, पण वेगवेगळ्या हातांत. तुम्ही जोराच्या भागात सूर गिटारमध्ये शोधताय, आणि गिटारने तो मुद्दाम सोडून दिलेला आहे.

आता हे गाण्यात ऐका. 'पुल मी अंडर' सुरू होतं ते स्वच्छ गिटारच्या सुट्या स्वरांनी. मग ड्रम येतात, मग मळकट आवाजाची जड गिटार. लाब्री गायला लागेपर्यंत दीड-दोन मिनिटं नुसती वाद्यंच आहेत. पहिल्या फेरीत गिटारकडे लक्षच देऊ नका. कीबोर्डचे लांब, ताणून धरलेले स्वर धरा आणि ते कधी बदलतात एवढंच बघा. खाली गिटार तुकड्या-तुकड्यांत तोडून वाजतेय, तळहाताची कड तारांवर ठेवून आवाज दाबलेला, आणि वर कीबोर्ड एक स्वर चार-चार ठोके धरून बसलाय. तोडलेलं आणि ताणलेलं एकमेकांवर ठेवलं की दोन्ही वेगळे ऐकू येतात. दोघेही तोडायला लागले असते तर गोंगाट झाला असता, दोघेही ताणायला लागले असते तर सगळं मेणचट झालं असतं. गाणं मुख्यतः पांढरी तीनच्या मायनरमध्ये आहे. तुमच्या भाषेत आसावरी थाटाचे स्वर: ग, ध, नि कोमल. राग शोधू नका, चलन वगैरे काही नाही, पण पांढरी तीनचा सा धरून गुणगुणलात तर गाण्याच्या मोठ्या भागात तुम्ही बेसूर होणार नाही.

पण पुढच्या गाण्यांत हा सा हलतो. हिंदुस्थानी संगीतात मुरलेला कान तंबोऱ्याचा षड्ज तासभर धरून ठेवतो, आणि इथे षड्ज सरकला की त्याला गाणं भरकटल्यासारखं वाटतं. उपाय एकच, बेसचा स्वर गुणगुणायचा. बेस वाजवणारा जॉन म्युंग कुठे बसलाय ते कळलं की नवा सा कळला. बेस हळू ऐकू येतो ही या अल्बमची खरी उणीव आहे, म्हणून वरची इअरफोनची सूचना मनावर घ्याच.

'मेट्रोपोलिस'ला वेगळा न्याय लागतो. साडेनऊ मिनिटांच्या गाण्यात मधे काही मिनिटांचा नुसत्या वाद्यांचा पट्टा आहे. तिथे कीबोर्ड आणि गिटार एकाच सुरावटीवर एकत्र धावतात, आणि मधेच म्युंग दोन्ही हातांनी तारांवर बोटं आपटून बेसचा छोटा एकल तुकडा वाजवतो. इथे गंधाराचा हिशोब बाजूला ठेवा. दोन वाद्यं एकाच स्वरावर अचूक पडली की तोच जोर होतो. तबला आणि कथक एकाच तिहाईवर येतात तेव्हा जे होतं तेच. पहिल्या ऐकण्यात हा पट्टा लांबलचक वाटतो. त्यात एक सोपा खांब शोधा: सगळे एकदम थांबतात त्या जागा. तशा जागा लक्षात राहिल्या की मधला मजकूर आपोआप लहान होतो. याच गाण्याची कथा पुढे नेणारा अख्खा अल्बम बँडने १९९९ मध्ये काढला, पण तो आत्ता नको.

'अनदर डे'ला बरेच मेटलवाले नाकं मुरडतात, आणि ते मला पटत नाही. सोप्रानो सॅक्सोफोन स्पायरो जायरा या जाझ बँडच्या जे बेकनस्टाईनचा आहे. अल्बम ज्या बेअरट्रॅक्स स्टुडिओत झाला तो त्याचाच. गाणं गिटारवादक जॉन पेट्रुचीने वडिलांच्या कर्करोगावर लिहिलं. साडेचार मिनिटांपेक्षा कमी वेळात त्यात सगळं बसलंय, आणि जोर आवाजाच्या उंचीत न ठेवता सुरावटीच्या ताणात ठेवता येतो हे बाकी अल्बम समजायला उपयोगी पडतं. 'टेक द टाइम'मध्ये ठेका उड्या मारणारा आहे, शेवटची लांब गिटार ऐका. 'अंडर अ ग्लास मून' गिटार शिकणाऱ्यांचं गाणं आहे, त्यातला सोलो म्हणजे पेट्रुचीच्या तेव्हाच्या सगळ्या करामतींची यादी. चांगलं आहे, पण तुमच्या प्रश्नाला त्यातून फार काही मिळणार नाही.

आणि शेवटची जोडी. 'वेट फॉर स्लीप'चा पियानो ऐका, ती छोटी फिरणारी सुरावट हार्मोनियमवर काढून बघा, पाठ होऊ द्या. लगेच 'लर्निंग टू लिव्ह' लावा. साडेअकरा मिनिटांचं गाणं आहे. उत्तरार्धात तीच सुरावट परत येते, आता पूर्ण बँडच्या संगतीत. पाठ केलेली नसेल तर ती हातून जाते, पाठ असेल तर अंगावर काटा येतो. याच गाण्यात लाब्री तार सप्तकातल्या काळी तीनला जातो, पांढरी एकचा सा धरला तर तार सप्तकाचा तीव्र मध्यम. पुरुषी गळ्याला हा स्वर किती वर आहे ते पेटीवर दाबून पाहा. तो स्वर येतो तेव्हा खालची वाद्यं काय करतायत त्याकडेही लक्ष असू द्या. जोर आणि सूर दोन्ही एका श्वासात ऐकायचे तर या अल्बममध्ये याहून चांगली जागा नाही.

---

पंचम_सवारी:

मात्रांचं मी सांगतो. तबला येणाऱ्या माणसाची सम का निसटते त्याचं कारण ठरलेलं आहे. आपला कान सर्वात ठसठशीत आघाताला सम समजतो. रॉकमध्ये सर्वात ठसठशीत आघात स्नेअरचा (टणक आवाजाचा छोटा ड्रम), आणि तो चारच्या ठेक्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. म्हणजे तुम्ही पहिल्यापासूनच एक मात्रा सरकून बसता. ठेका साधा असेपर्यंत ते चालून जातं, विषम भाग आला की सगळं कोसळतं. सम स्नेअरवर शोधू नका. नवा भाग सुरू होताना मोठी झांज आणि खालचा बास ड्रम एकत्र वाजतात, ती बहुतेक वेळा सम.

मोजायची रीत अशी. पायाने ठेका धरू नका, पाय मोठ्या मात्रा धरतो आणि विषम भागात अर्ध्या मात्रेवर अडकतो. मांडीवर बोटाने सर्वात लहान सारखा ठोका धरा, म्हणजे गिटारचा हात खाली-वर ज्या गतीने चाललाय ती. मग सुरावटीचा पहिला स्वर ओळखा आणि तो परत येईपर्यंत ठोके मोजा. चार आवर्तनं मोजा. चारही वेळा एकच आकडा आला तर काम झालं. सात, आठ, सात, आठ असं आलं तर आवर्तन पंधराचं आहे, सात आणि आठ हे त्याचे खंड. सात, सात, सात, आठ आलं तर शेवटी एक ठोका मुद्दाम वाढवून पुढच्या भागाला जागा केलेली आहे. हे या बँडमध्ये फार वेळा होतं, आणि लोक नेमके तिथेच आपण चुकलो समजून मोजणं सोडतात. सोडू नका, तो वाढीव ठोका हीच गंमत आहे.

सुरुवात 'सराउंडेड'पासून करा. हळुवार सुरू होतं, मधे उघडतं, शेवटी पुन्हा मंद होतं, आणि मोजायला गती सोयीची आहे. मधल्या कीबोर्डच्या फिरत्या सुरावटीला मी नऊ धरतो. नऊ एकदम मोजायला अवघड, म्हणून चार आणि पाच तोडा: तकधिमि तकतकिट. सोलापुरात कर्नाटकी बोल माहीत असलेला माणूस शोधावा लागत नाही, त्याच्याकडून हे बोल बरोबर वजनात म्हणून घ्या. तोंडाने म्हणता आलं की हाताने वाजवता येतं, हा नियम इथेही खरा.

दोन ठिकाणी तबलावाले हमखास फसतात. पहिलं, अख्ख्या गाण्याला एक ताल शोधणं. रूपक घेतला की बंदिश संपेपर्यंत रूपक, असं इथे नाही. चार-आठ आवर्तनांनी मात्रासंख्या बदलते, आणि तो बदल सुरावटीच्या सोयीने होतो. खाली-भरीची कल्पनाही इथे नाही, त्यामुळे आवर्तनाचा अर्धा भाग ओळखायला खूण मिळत नाही. दुसरं, गिटार सातात आणि ड्रम सरळ चारात असं एकाच वेळी चाललेलं असतं तेव्हा दोन्ही मोजायला जाणं. एकच धरा. सात लहान ठोक्यांची सुरावट आणि आठ लहान ठोक्यांचा ठेका छप्पन्न ठोक्यांनी पुन्हा एकत्र येतात, म्हणजे सुरावटीची आठ आवर्तनं आणि ठेक्याची सात. लयकारी केलेल्या माणसाला हे सांगायला नको. तुम्ही ठेका धरा, सुरावट सरकू द्या आणि छप्पन्नाव्यानंतर सम कशी जुळते ते ऐका. बँड दरवेळी छप्पन्नपर्यंत जाईलच असं नाही, मधेच तोडूनही समेवर येतात.

फोनवर गती कमी करणारं कुठलंही साधं अ‍ॅप चालेल, मात्र गती कमी करताना स्वर खाली न आणणारं हवं. ७५ टक्क्यांवर मोजा. ५० वर गेलात तर झांजेचा आवाज फाटतो आणि सम शोधणं उलट अवघड होतं.

---

रीळ_आणि_सुई:

बाकी सगळं मान्य, पण ड्रमच्या आवाजाबद्दल कोणी बोललं नाही. निर्माता डेव्हिड प्रेटरने ड्रमर माइक पोर्टनॉयच्या स्नेअर आणि बास ड्रमवर ट्रिगरने सॅम्पल चढवले, म्हणजे प्रत्येक आघातावर आधीच रेकॉर्ड केलेला ड्रमचा आवाज बसवला. पोर्टनॉयला ते कधीच आवडलं नाही आणि त्याने ते उघड सांगितलंय. परिणाम असा की स्नेअरचा प्रत्येक आघात एकाच ताकदीचा, एकाच रंगाचा. हलका आघात आणि पूर्ण आघात यातला फरक पुसला जातो. पांढरी_तीन, तबल्यात तुम्ही ज्या बारकाव्यांवर जगता तेच इथे कापले गेलेत, त्यामुळे तुमच्या कानाला काहीतरी खटकत असेल तर ती तुमच्या कानाची चूक नाही.

तुलना करायची सोय आहे. २००८ मध्ये आलेल्या त्यांच्या निवडक गाण्यांच्या दुहेरी संचात 'पुल मी अंडर', 'टेक द टाइम' आणि 'अनदर डे' ही तीन गाणी केव्हिन शर्लीने नव्याने मिक्स केलीत. मूळ आणि नवं एकापाठोपाठ एकाच आवाजाच्या पातळीवर लावा. नवं मिक्स मोठ्याने वाजत असेल तर आधी त्याचा आवाज कमी करून दोन्ही समान करा, नाहीतर जे मोठं तेच बरं वाटतं. मग फक्त स्नेअर ऐका.

---

पूर्वभाग_बेस:

@रीळ_आणि_सुई, ट्रिगरबद्दल तथ्य बरोबर, पण निष्कर्ष मला मान्य नाही. तो टणक स्नेअर कीबोर्डच्या ताणलेल्या स्वरांना कापत आरपार जातो. मिक्समध्ये एवढी वाद्यं असताना नैसर्गिक स्नेअर दबला असता अशी भीती प्रेटरला वाटली असणार असं मला वाटतं. शर्लीची मिक्स जास्त मोकळी आहेत, पण मूळ मिक्सची धार त्यांत नाही. नवख्या माणसाने आधी मूळ अल्बमच पूर्ण ऐकावा. पहिली चार गाणी साडेसव्वीस मिनिटांची, पुढची चार साडेतीस मिनिटांची. दोन बैठकांत करा, एका बैठकीत सत्तावन्न मिनिटं कान थकतो आणि 'लर्निंग टू लिव्ह'वर अन्याय होतो.

---

पांढरी_तीन:

मनापासून आभार. गंधाराचा मुद्दा पेटीवर करून पाहिला आणि 'पुल मी अंडर'चा कीबोर्ड पहिल्यांदा वेगळा ऐकू आला. नऊचा हिशोबही जुळतोय.

आणखी एक. ओळखीची कॉलेजची पोरं गॅदरिंगला 'अनदर डे' बसवतायत. गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम आहेत, सॅक्सोफोन नाही. गाणारा मुलगा चांगला आहे पण वरच्या जागा त्याला पोचत नाहीत. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक काका यायला तयार आहेत, त्यांना स्वरलिपी वाचता येते. जमेल का? कीबोर्डवाल्याने मूळ पट्टीत सगळे स्वर लिहून ठेवलेत.

---

रिहर्सल_रूम:

जमेल, आणि कीबोर्डवर सॅक्सचा नकली आवाज काढण्यापेक्षा कितीतरी चांगलं होईल. काकांना नक्की घ्या. सोप्रानो सॅक्सचा पल्ला क्लॅरिनेटच्या पल्ल्यात पूर्ण बसतो. क्लॅरिनेटचा मधला भाग, जिथे खालचं सप्तक संपून वरचं सुरू होतं, तिथले स्वर (त्यांना घशाचे स्वर म्हणतात) थोडे फिके पडतात. सुरावटीचा मुख्य स्वर तिथे येत असेल तर तो तुकडा काका एक सप्तक वर नेऊ शकतात का ते विचारा.

पट्टीचा हिशोब नीट करा, इथेच तालमीचा पहिला दिवस वाया जातो. बँडमधला नेहमीचा क्लॅरिनेट बी-फ्लॅटचा असतो, सोप्रानो सॅक्सही तसाच. म्हणजे कागदावर पांढरी एक लिहिली की वाद्यातून एक पूर्ण स्वर खाली वाजतं. मूळ पट्टीत वाजवायचं तर कीबोर्डवाल्याने लिहिलेला प्रत्येक स्वर काकांसाठी एक पूर्ण स्वर वर लिहावा लागेल. पण तुमचा गायक पोचत नाहीये, त्यामुळे गाणं एक पूर्ण स्वर खाली घ्या. मग कीबोर्डवाल्याचा मूळ कागद काकांना जसाच्या तसा द्या, काही बदलायचं नाही, तो आपोआप नव्या पट्टीत वाजेल. कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोज (पट्टी सरकवायची सोय) उणे दोन करून मूळ बोटांनीच वाजवावं.

गिटार आणि बेसची प्रत्येक तार एक पूर्ण स्वर उतरवावी. नऊच्या (पातळ जाडीच्या) तारा असतील तर उतरवल्यावर लोंबतात, जोरात मारलं की स्वर चढतो आणि क्लॅरिनेटशी बेसूर होतो. दहा किंवा अकराचा संच चढवा, कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, म्हणजे तारा ताणून स्थिर होतील. अर्धाच स्वर खाली घेतलात तर ही सगळी सोय जाते आणि काकांना प्रत्येक स्वर अर्धा वर करून लिहून द्यावा लागेल.

क्लॅरिनेट गार असताना स्वर उतरलेला असतो. गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी असेल तर काकांना स्टेजवर जाण्याआधी दहा मिनिटं फुंकायला जागा द्या आणि मगच कीबोर्डवर स्वर जुळवा. कीबोर्डचा स्वर हलत नाही, काकांना नळीच्या जोडावर थोडं आत-बाहेर करता येतं. ते हार्मोनियमच्या सवयीने जुळवत असतील तर कीबोर्ड ४४० हर्ट्झच्या मापावर जुळलेला आहे हे आधीच सांगून ठेवा, जुन्या पेट्या बऱ्याचदा थोड्या वेगळ्या असतात.

गिटारवाल्याने घरी लावतो त्याच्या निम्मंच डिस्टॉर्शन ठेवावं. फरशीच्या हॉलमध्ये आवाज भिंतींवरून परत येतो आणि क्लॅरिनेट गायब होतो. मिडची (मधल्या स्वरांची) पट्टी मात्र खाली ओढू नये, प्रेक्षकांत गिटार ऐकू येते ती मिडमुळेच. कीबोर्डवाल्याचा डावा हात शक्यतो बंद, तिथे बेस आहे. क्लॅरिनेटला माइक घंटेच्या (खालच्या पसरट टोकाच्या) तोंडात घालू नका, तिथे फक्त सर्वात खालचे स्वर मोठे येतात. माइक बोटांच्या छिद्रांसमोर, एक वीत लांब. सगळ्यांनी आधी ७० टक्के गतीवर मेट्रोनोमसोबत बसवा, तिथे सलग तीनदा न अडखळता झालं की पाच-पाच टक्क्यांनी वाढवा. काकांना तालमीच्या शेवटच्या टप्प्यात न बोलावता पहिल्यापासून बोलवा. लग्नाच्या बँडमधल्या माणसाला तोंडी खूण आणि मान हलवण्यावर चालायची सवय असते, इथे मात्र गायकाच्या कोणत्या ओळीनंतर आत यायचं ते कागदावर शब्दांत लिहून द्या.